पाळीखाली घर कोणाचे?

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा हे गाव चौफुलीवर वसलेले आहे. पूर्वेस देवरीवरून रायपूर, पश्चिमेस साकोली-भंडाऱ्यावरून नागपूर, उत्तरेस गोंदिया आणि दक्षिणेस नवेगावबांध व अर्जुनी मोरगाव, अशा चार दिशांच्या वाटा येथे एकमेकींस मिळतात. पूर्वपश्चिम जाणाऱ्या मार्गास पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या महामार्गाच्या उत्तरेस नागझिऱ्याचे अरण्य आणि दक्षिणेस नवेगावचे. डिसेंबर २०१३ मध्ये ही दोन्ही अरण्ये मिळून एक व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. कागदावर जे एक झाले, त्याच्या मधून मालमोटारींची रांग मात्र रात्रंदिवस चालूच आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात एका मोटारगाडीची धडक बसून एक तरुण वाघ जबर जखमी झाला. रस्त्यावरून सरपटत झाडीत शिरणाऱ्या त्या जनावराचे चित्र पुष्कळांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर पाहिले. उपचारासाठी नागपुरास नेत असता तो वाटेतच मेला. त्या दिवसांत कित्येकांनी म्हटले की, जंगलातील रस्ते रुंद करणे हे पाप आहे. कित्येकांनी उलट विचारले की, अडलेल्या बाळंतिणीस रात्री गोंदियाच्या इस्पितळात न्यावयाचे असता खड्ड्यांतून दोन तास घालवावे, हे कोणते पुण्य? आमच्या वाचकांपैकी जे खेडोपाडी राहतात त्यांस या दोन्ही बोलण्यांतील सत्य ठाऊक आहे. वाघही त्यांच्याच रानातला, आणि बाळंतीणही त्यांच्याच घरची.

सृष्टीतील धन, म्हणजे पाणी, लाकूड, कोळसा, लोखंड आणि वाटेसाठी लागणारी भूमी, कामी लावण्यापूर्वी तपास किती करावा, कोणी करावा, आणि त्या तपासापायी काम किती दिवस थांबवून ठेवावे, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. काही विद्वान गृहस्थ नियमांस निव्वळ अडथळा मानतात. दुसरे काही प्रत्येक खाणीस व धरणास लूट म्हणतात. आम्हांस वाटते की, या दोघांनीही एकदा आमच्या भागातील एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर येऊन बसावे.

सृष्टीच्या धनाचा उपयोग कसा करावा याचे या मुलखातील सर्वांत थोर उदाहरण म्हणजे हे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. लोक त्यांस मालगुजारी किंवा संक्षेपाने मामा तलाव म्हणतात. त्यांतील बहुतेक गोंड राजांच्या काळी व त्यानंतर कोहळी समाजाच्या पाटलांनी बांधिले. नवेगावबांधाचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधिला अशी परंपरा सांगते. जेथे दोन टेकड्या जवळ येतात तेथे मातीची पाळ घालावयाची, जादा पाणी वाहून जाण्यास एका बाजूस वाट ठेवावयाची, आणि पाळीच्या पोटातून दार काढून खालच्या धानाच्या बांध्यांस पाणी द्यावयाचे, ही त्यांची रीत. त्या काळी कोणतेही मंत्रालय नव्हते, मूल्यांकनाचे अहवाल नव्हते, की जनसुनावणी नव्हती. तरी ही कामे दोनशे-तीनशे वर्षे टिकली.

ती का टिकली? कोहळ्यांचे कसब हे एक कारण होयच. परंतु दुसरेही एक कारण आहे, आणि आमच्या विषयाशी तेच निकटचे आहे. पाळ बांधणारा पाळीखालीच राहत असे. पाऊस अनावर होऊन पाळ फुटली तर सर्वांबरोबर पाटलाचा वाडाही पाण्यात जाणार. वरच्या टेकडीवरील झाडी तोडली तर गाळ पाटलाच्याच तलावात साचणार. लाभ ज्याच्या ओटीत, धोकाही त्याच्याच उंबऱ्याशी. असा मनुष्य पावसाळ्यापूर्वी पाळीवरून चार फेऱ्या घालतोच. त्यास कायद्याने सांगावे लागत नाही.

आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. त्या तलावांच्या मातीत वेठीची पाटीही पुष्कळ पडली आहे. पाणी वाटताना शेवटच्या बांधीचा धनी कोण असे, आणि त्याच्या वाट्यास किती पाणी येई, हे आमच्या मंडळ्यांतील वृद्धांस कोणी शिकवावयास नको. तथापि, काम करणारा व कामाचे परिणाम भोगणारा एकाच गावात, एकाच पाळीखाली राहत असत, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारीचा जुलूम गेला याबद्दल कोणास दुःख होण्याचे कारण नाही. पण पाळीवरून फेरी घालणारा मनुष्यही तिच्याबरोबरच गेला, आणि कित्येक तलाव गाळाने भरले. पुढे कामांचा आकार वाढला. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. त्याचा आरंभीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे कित्येक हजार कोटींवर गेला, आणि ज्यांची गावे बुडाली त्यांतील पुष्कळांनी मोबदल्याची वाट पाहण्यात वर्षानुवर्षे घालविली. आमच्याच जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. त्याची वीज राज्यभर जाते, आणि ती हवीच आहे. राख मात्र तिरोड्याच्या शिवारातच उतरते. ज्याने आराखडा काढला, ज्याने पैसा घातला आणि ज्याने सही केली, यांपैकी कोणाचेही घर पाळीखाली नाही.

पाळ बांधणारा व पाळीखाली राहणारा यांची अशी फारकत झाली, म्हणून नियमांची गरज उत्पन्न झाली. आमच्या मते या साऱ्या कायद्यांचा नैतिक पाया एवढाच आहे. पूर्वी जे काम शेजार आपोआप करी, ते आता कायद्याने मुद्दाम करवून घ्यावयाचे. दूरच्या मनुष्यास पाळीखाली आणून बसविता येत नाही, तर निदान पाळीखालच्या मनुष्याचे म्हणणे त्याच्या कानावर घालावयाचे. वन संवर्धन कायदा १९८० चा. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला, त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली, आणि तिच्या जागी १४ सप्टेंबर २००६ रोजी दुसरी आली. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टांत आमच्या उपदेशक बंधूंनी पुष्कळदा समजावून सांगितला असेल. या अधिसूचनेत हिशेब तोच आहे. फरक इतकाच की, बांधणाऱ्याच्या खर्चाबरोबर शेजाऱ्याचा खर्चही मांडावा असे ती म्हणते.

हिशेब मांडल्याने काम बुडते असे नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या अरण्यातून जातो. त्याच्या रुंदीकरणाचा वाद वर्षानुवर्षे न्यायासनांपुढे चालला. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवण्यात आले, आणि रस्ताही रुंद झाला. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे वन्य प्राणी त्या मार्गांनी जाताना आढळले. वर गाड्या धावतात, खालून चितळ जातात. हा तोडगा आधीच काढला असता तर वादातील वर्षे वाचली असती, असे कोणी म्हणेल. आम्हीही तेच म्हणतो. तपास शेवटी आणि अनिच्छेने केला की तो महाग पडतो.

आता नियमांविरुद्ध जे बोलले जाते त्याकडे वळू. त्यातील सर्वांत खरा आक्षेप असा की, नियमांचे ओझे बलवानापेक्षा दुर्बळावर अधिक पडते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाची कथा पाहा. मध्य प्रांताच्या काळी महसुली दप्तरात ज्या पडीक, खुरट्या झुडपांच्या भूमीस हे नाव पडले, ती गावाची गुरे चारण्याची जागा होती. तिच्यावर पुढे घरे झाली, शाळा झाल्या, दवाखाने व स्मशाने झाली. १९८० च्या कायद्यानंतर व सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ही भूमी वन आहे की नाही, हा वाद दशकानुदशके चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल वनच मानावे. मात्र १९९६ च्या त्या तारखेपूर्वी अधिकाऱ्यांनी रीतसर दिलेल्या जागा केंद्राच्या अनुमतीने नियमित करून घेण्याची वाट मोकळी ठेवावी. न्यायालयाने अरण्य व मनुष्य या दोघांकडे पाहिले, हे आम्ही आदरपूर्वक मान्य करतो. परंतु मध्यंतरी एक पिढी आपल्या घराच्या उताऱ्यावाचून म्हातारी झाली, तिची भरपाई कोणत्या तराजूत तोलावी?

मोठ्या प्रकल्पाचा धनी सल्लागार नेमतो, जाडजूड अहवाल करवून घेतो आणि राजधानीत माणूस बसवितो. अहवाल लिहिणाऱ्यास वेतन देणारा तोच असतो, ही तर या पद्धतीतील उघडी खोट आहे. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षकाची बिदागी द्यावी, असे आमच्या शाळांत कोणी चालू देणार नाही. गरिबाजवळ सल्लागार नसतो. त्याची झोपडी, त्याच्या वाडीची विहीर, गावाचा लहानसा कालवा, ही सारी त्याच दारात अडतात.

म्हणून लहान कामास लहान तपास व मोठ्या कामास मोठा तपास, हा न्याय आम्हांस योग्य वाटतो, आणि कायद्यात त्याचे एक चांगले उदाहरण आहेही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय, रस्ता इत्यादी गावाच्या कामांसाठी एक हेक्टरहून कमी वनभूमी, जर हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. येथे शिफारस करणारी ग्रामसभा त्याच रानाच्या काठी राहते. सरपण, मोह व तेंदूपाने तीच आणते. कोहळ्याची पाळ पुन्हा थोडीशी उभी राहिली असे हे कलम वाचून आम्हांस वाटले. आमच्या कित्येक मंडळ्यांच्या गावी या कलमाची वार्ताही पोचलेली नसेल, म्हणून ते येथे मुद्दाम दिले.

विचारपूस कशी करावी, याचा एक धडा फार दूरच्या देशातील आहे. कॅनडा देशाचा उत्तर भाग वर्षातील पुष्कळ महिने बर्फाखाली असतो, आणि तेथे देने, इनुइट इत्यादी मूळचे लोक शिकार व मासेमारी करून राहत आले. १९७० नंतर मोठ्या कंपन्यांनी असे योजिले की, अलास्का व मॅकेंझी नदीच्या मुखाजवळील वायू दक्षिणेकडील शहरांस नेण्यासाठी त्या नदीच्या खोऱ्यातून प्रचंड नळ टाकावा. सरकारने १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांस चौकशीस नेमिले. त्यांनी केवळ राजधानीत बसून साक्षी घेतल्या नाहीत. ते पस्तीस वस्त्यांत स्वतः गेले, तेथील सभागृहांत बसले, आणि जवळजवळ एक हजार रहिवाशांचे म्हणणे ऐकले. जो ज्या भाषेत बोलेल ती भाषा चालली, दुभाषे सोबत होते. आणि दिवसभराचे कामकाज नभोवाणीवरून तेथील भाषांत सांगितले जाई, जेणेकरून एका वस्तीत काय बोलले गेले ते दुसरीस कळावे. लोकांस आपली बाजू मांडता यावी म्हणून सार्वजनिक द्रव्यातून साहाय्यही देण्यात आले. १९७७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या अहवालात बर्जर यांनी सांगितले की, खोऱ्यातील नळाचे काम दहा वर्षे थांबवावे व तेवढ्यात मूळ रहिवाशांच्या भूमीच्या हक्कांचा निकाल लावावा; आणि युकॉन प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरून तर नळ कधीच नेऊ नये.

या कथेचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. तो आम्ही सांगतो, कारण तो कोणत्याच पक्षास पूर्णपणे सोयीचा नाही. हक्कांचे करार हळूहळू झाले. पुढे त्याच खोऱ्यातून वायुवाहिनी नेण्याची नवी योजना निघाली, आणि या वेळी तेथील कित्येक मूळ रहिवासी एक-तृतीयांश वाट्याचे भागीदार म्हणून तिच्या बाजूने उभे राहिले. या योजनेच्या तपासासही वर्षे लागली. २०११ मध्ये अनुमती मिळाली तोवर वायूचे भाव घसरू लागले होते, आणि २०१७ मध्ये धन्यांनी ती सोडून दिली. विलंबाने त्या लोकांचे नुकसान झाले, असे म्हणणारे तेथे आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. परंतु १९७७ मध्ये ज्यांस कोणी विचारले नसते तर ते मजूर किंवा विस्थापित झाले असते, ते पुढे भागीदार म्हणून बैठकीस बसले. मिळाले काय याबरोबर मनुष्य कोणत्या आसनावर बसून हो किंवा नाही म्हणाला, हेही नीतीच्या हिशेबात धरले पाहिजे. तो हिशेब रुपयांत मांडता येत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

आता आपल्या देशाकडे पाहू. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर उत्तम प्रतीचे लोखंड आहे. तेथे माडिया लोकांचे ठाकुरदेवाचे स्थान असून दरवर्षी यात्रा भरते. खाणीने त्या दुर्गम भागातील कित्येक तरुणांस नोकरी दिली, हे खरे आहे, आणि ज्या भागात दुसरा रोजगार नाही तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उत्पादन वाढविण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली, ती गडचिरोली शहरात, म्हणजे खाणीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर. सुरक्षेचे कारण देण्यात आले. अशांततेने पोळलेल्या त्या मुलखात ते कारण अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि बर्जर यांच्या सभेत म्हातारी बाई आपल्या वस्तीतून चालत येई. येथे डोंगराखालच्या म्हातारीने दीडशे किलोमीटर यावे, आणि बोलावे कोणत्या भाषेत? माडिया बोलणाऱ्यास मराठीही परकी वाटते, मग अहवालाच्या इंग्रजीची गोष्टच नको.

भाषेचा हा प्रश्न एकदा साऱ्या देशापुढे आला होता. २००६ च्या अधिसूचनेच्या जागी नवी आणण्यासाठी सरकारने २०२० मध्ये जो मसुदा काढला, तो केवळ इंग्रजी व हिंदीत होता. त्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचे योजिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आज्ञा केली की, हा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत प्रसिद्ध करावा. हरकत घ्यावयास सांगावे, पण कशावर ते समजू देऊ नये, असा सौजन्याचा प्रकार आम्ही इतरत्र फारसा पाहिला नाही.

याहून गंभीर गोष्ट मागाहून दिल्या जाणाऱ्या अनुमतीची आहे. आधी काम करावे, मग दंड भरून परवानगी घ्यावी, ही वहिवाट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय मागे घेतला व विषय पुन्हा ऐकावयाचे ठरविले. उभी राहिलेली इस्पितळे व कारखाने पाडून पैसा मातीस मिळविण्यात कोणाचे हित, हा एका बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे. न्यायनिर्णयावर टीका करणे हे आमचे काम नव्हे. परंतु नीतीचा प्रश्न म्हणून विचाराल तर, शेजाऱ्याच्या बांधातून आधी नांगर घालून मग त्यास विचारावयास जाणे, यास आमच्या खेड्यांत विचारणे असे म्हणत नाहीत.

आमच्या वाचकांच्या गावी असा प्रसंग आला तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट, किमान तीस दिवसांच्या जाहीर सूचनेने व्हावयाची असते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही तयार केलेला असतो व तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद इत्यादी ठिकाणी पाहावयास मिळतो. जेथे नवी भूमी घ्यावयाची नसते अशा रस्तारुंदीकरणास सुनावणीतून सूट आहे, हे कोहमाऱ्यासारख्या रस्त्यावरच्या गावांनी ध्यानात ठेवावे. तेथे आपले म्हणणे आपणच आधी लेखी पाठविणे बरे. उपदेशक बंधूंस वाचता येते, आणि गावातील सर्वांस येत नाही. तो मराठी सारांश आणून चावडीत किंवा शाळेच्या ओट्यावर सर्वांदेखत मोठ्याने वाचावा, आणि ज्यांस प्रकल्प हवा आहे त्यांसही तेथे बोलू द्यावे. नोकरी मागणारा मुलगा गावाचा वैरी नव्हे. सुनावणीच्या दिवशी जे बोलावयाचे ते लिहूनही द्यावे, म्हणजे ते गाळले जात नाही. सभा संपताना जमलेल्या लोकांस कामकाजाचा वृत्तांत त्यांच्या भाषेत वाचून व समजावून दाखवावा लागतो, आणि मग त्यावर सही होते. दिवसभराच्या उन्हाने थकलेले लोक बहुधा याच वेळी बैलगाडी किंवा एस.टी. गाठण्यासाठी उठतात. त्यांनी आणखी अर्धा तास बसावे.